झडप, तार आणि दाब

उमाकांत गलगल्यांना वाऱ्याचं वेड आहे, असं त्यांच्या सासरची माणसं चेष्टेनं म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बेंगळुरूच्या पूर्वेला असलेल्या एका सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी उभी हयात वारा मोजण्यात घालवली. मोठ्या बोगद्यात पंख्यानं वारा सोडायचा, त्यात विमानाच्या पंखाचा लहानसा नमुना उभा करायचा आणि कुठल्या जागी वारा किती वेगानं जातो ते केसाहून बारीक तापलेल्या तारेनं टिपायचं, हे त्यांचं काम. सकाळी बसवनगुडीतून संस्थेच्या बसनं जायचे, संध्याकाळी त्याच बसनं परत. बोलणं कमी, जेवण बेताचं, आवाज कधी चढायचा नाही.

नीला लग्न होऊन धारवाडहून या घरात आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटायचं, या माणसाला कशाचा आनंद म्हणून होत नसावा. मग एका दुपारी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली, तर हे दोरीवरच्या तिच्या साडीकडे टक लावून उभे.

"हे बघ," ते म्हणाले, "पदर उलटा कसा वळतोय. वारा समोरून येतोय, पण कठड्याच्या मागे तो गिरकी घेतो आणि माघारी फिरतो."

आणि ते हसले. इतकं मनमोकळं हसताना तिनं त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला नवरा थोडा थोडा कळू लागला.

वर्षं गेली. नीला जवळच्याच एका शाळेत भूगोल शिकवू लागली. मुलगी ईरा मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली. घरात दोघंच उरली, आणि दोघांचंही त्यात बरं चाललं होतं. ब्याण्णव साली नीलाचा धाकटा भाऊ जितेंद्र मस्कतची नोकरी सोडून कायमचा परत आला. त्यानं लग्न केलं नव्हतं. येताना त्यानं काय आणलं, तर एक पांढरी, लांब नाकाची, दोन दारांची जपानी गाडी. सुप्रा. स्टिअरिंग डावीकडे, आणि पुढचे दिवे असे की बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर यायचे. गल्लीतली पोरं ते दिवे बघायला रांग लावून उभी राहायची. त्या काळी रस्त्यावर मारुती, फियाट आणि अँबॅसेडर यांपलीकडे फारसं काही दिसत नसे. जितेंद्रच्या घरी गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती गलगल्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली.

जितेंद्रला वेगाची हौस. विमानतळाच्या धावपट्टीवर कधीमधी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यात उतरायचं त्याच्या मनात होतं. त्यानं मस्कतहून इंजिनाचा श्वास वाढवणारे जास्त जोराचे कॅमशाफ्ट आणले, इंजिनाचं डोकं उतरवून आतल्या वाटा घासून गुळगुळीत करून घेतल्या. आणि एवढं सगळं करून गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालायला लागली. उभी असली की घशात काही अडकल्यासारखी आचके द्यायची.

"भाऊजी," एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "इंजिनात हवा किती जाते तेच गाडीला नीट कळत नाहीये. हवा कळली नाही तर पेट्रोल किती सोडायचं ते कसं कळणार? हे तुमचं काम आहे."

उमाकांतांनी ताटातून मान वर केली. नीलानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला गच्चीवरची ती दुपार आठवली.

दोनेक महिन्यांत जेवणाच्या टेबलावर तीन वस्तू येऊन बसल्या. एक गाडीतच होती ती, अॅल्युमिनियमची चौकोनी पेटी. दुसरी शिवाजीनगरच्या गुजरीत, जुन्या सामानाच्या बाजारात, जितेंद्रला मिळालेली, कुठल्याशा अपघातातल्या परदेशी गाडीतून काढलेली नळी. तिसरी काड्यापेटीएवढी काळी डबी, आणि तिच्यासोबत एका रॅलीवाल्या मित्राकडून आणलेला परदेशी कंट्रोल बॉक्स.

"अहो, जेवायचं कुठे?" नीलानं विचारलं.

"खाली बसू. ये, तुला दाखवतो."

त्यांनी पेटीत बोट घालून आतली झडप ढकलली. "ही दारासारखी. हवा हिला ढकलते, जितकी जास्त हवा तितकं दार उघडतं, आणि दार किती उघडलं त्यावरून हवा किती ते कळतं. सरळ, भरवशाची. पण दार उघडायला हवेलाच जोर लावावा लागतो, म्हणजे आपणच तिची वाट अडवतो. आणि जितूच्या नव्या कॅममुळे हवा आता गचके देत येते, त्यामुळे ही फडफडते."

मग नळी उचलली. ती त्यांनी दोन बोटांत अशी धरली, की जणू पोराचा पडलेला पहिला दात. "ही माझी. आत तार आहे, बघ. तापवलेली. हवा तिला थंड करते, आपण वीज देऊन तिला तितकीच तापलेली ठेवायची. किती वीज लागली, त्यावरून हवा किती. वाट अडत नाही, काही हलत नाही."

"आणि ही डबी?"

"ही हवा मोजतच नाही. इंजिनाच्या आत दाब किती, हवा किती गरम, इंजिन किती फेरे मारतंय, एवढं बघते आणि हिशेबानं सांगते, इतकी हवा गेली असणार."

"न मोजता?"

"न मोजता. वाटेत अडथळाच नाही. पण आधी इंजिनाची प्रत्येक स्थिती तपासून तिला शिकवावी लागते. आणि इंजिनात पुढं काही बदललं तर पुन्हा पहिल्यापासून."

नीलानं जरा विचार केला. "मग गाडी मद्रासला नेली तर? इथं आपण तीन हजार फुटांवर, हवा विरळ. तिथं समुद्राकाठी जड. झडपेला ते कसं कळणार?"

उमाकांत तिच्याकडे बघतच राहिले. "पूर्ण नाही कळत," ते हळूच म्हणाले. "तारेला कळतं. तू हे बरोबर विचारलंस." जितेंद्रकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या अक्कानं काय विचारलं ते?" त्या दिवसभर ते तिच्यावर खूश होते. ती आतून इतकी सुखावली की संध्याकाळी गांधी बाझारात जाऊन त्यांच्यासाठी आवडीची ओली हळद आणि आवळे घेऊन आली.

शेडमध्ये त्यांनी जे.सी. रोडवरून आणलेला एक जुना ब्लोअर बसवला, त्याला लांब पाईप जोडला आणि भिंतीवर प्लास्टिकच्या नळ्या वाकवून लावल्या. नळ्यांतल्या पाण्यात नीलाच्या शाळेतली लाल शाई. पाईपमध्ये एकदा झडप, एकदा तार घालून ते हवा सोडायचे आणि नळीतलं लाल पाणी किती चढतं ते बघायचे. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्का कुंपणावरून विचारायच्या, "काय चाललंय हो नीला, गिरणी घालणार की काय?"

टेबलावर तार जिंकली, यात कुणालाच नवल वाटलं नाही. पण गाडीत बसवल्यावर गाडी उभी असताना ती प्रत्यक्षाहून जास्त हवा सांगायची. इंजिन काळा धूर ओकायचं. उमाकांत दोन रविवार बॉनेटखाली मान घालून बसले. मग एका संध्याकाळी हात पुसत आत आले आणि म्हणाले, "हवा आत जाते आणि थोडी उलटी बाहेर ढकलली जाते. तारेला दिशा कळत नाही. येणारीही मोजते, जाणारीही मोजते. पाईप लांब केला असता तर भागलं असतं, पण बॉनेटखाली जागा नाही. शिवाय आपल्या रस्त्यांवरची धूळ. दाबवालीच बसवू."

हा निर्णय त्यांना जड गेला असणार. सगळं आयुष्य ज्या तारेवर काढलं, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला ठेवलं. पण आवडीकडे बघून माप घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता, आणि नीलाला त्यांच्यातलं तेच सर्वांत आवडायचं.

मग सुरू झाले देवनहळ्ळीचे रविवार. पहाटे निघायचं, येलहंका मागे टाकायचं, की पुढं रिकामा रस्ता आणि दोन्हीकडे द्राक्षांचे मळे. जितेंद्र गाडी चालवायचा. उजवीकडे उमाकांत मांडीवर त्या रॅलीवाल्याचा लॅपटॉप घेऊन बसायचे. "तिसऱ्या गिअरवर धर. आणखी. सोड." मागच्या चिंचोळ्या सीटवर नीला डबे सांभाळत बसायची. सिग्नलवर पोलीस उजवीकडच्या उमाकांतांनाच ड्रायव्हर समजून दटावायचा, आणि मांडीवर यंत्र घेऊन बसलेला हा चष्मेवाला माणूस स्टिअरिंगशिवाय गाडी कशी हाकतोय म्हणून बावचळायचा. देवनहळ्ळीला किल्ल्याजवळ विठाबाईंची चहाची टपरी होती. विठाबाई शिंपी समाजातल्या, कैक पिढ्यांमागे इकडे आलेल्या, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलायच्या. तिथं चहा घ्यायचा, डब्यातलं खायचं, परत फिरायचं. गाडी हळूहळू सुधारली. आचके गेले, आवाज खोल आणि एकसारखा झाला. ते दिवस नीलाच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, आणि तेव्हा तिला ते कळतही होतं.

अशाच एका रविवारी टपरीवर बसले असताना उमाकांत म्हणाले, "जितू, आपण झडप का काढली रे?"

जितेंद्र हसला. "भाऊजी, परीक्षा घेताय होय माझी?" आणि त्यानं सगळं धडाधड सांगितलं. उमाकांतांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर, येलहंक्याच्या आसपास, त्यांनी पुन्हा विचारलं, "झडप का काढली?" तेव्हाही जितेंद्र हसला. नीला मागच्या सीटवर बसली होती. ती हसली नाही.

त्यानंतर ती बारीक लक्ष ठेवू लागली. लक्ष ठेवलं की दिसतंच. आंघोळीला जाऊन तसेच कोरडे बाहेर यायचे. दुधाची पिशवी पुस्तकांच्या कपाटात सापडायची. वीस वर्षांच्या सवयीचा बसथांबा सोडून एक दिवस पुढं उतरले आणि रिक्षानं घरी आले. "थकलोय," म्हणाले. तिनंही तेच धरून ठेवलं. थकवा. पन्नाशी उलटली, होणारच.

एका रविवारी जितेंद्र आला आणि शेडमधून त्याचा ओरडण्याचा आवाज आला. नीला धावली. बॉनेट उघडं होतं. दाबाची डबी उपटून काढलेली, तिच्या वायरी कापलेल्या, आणि तिच्या जागी जुनी झडपेची पेटी बसवलेली. इतक्या रविवारांची मेहनत पाण्यात गेली होती.

"कुणी केलं हे?" जितेंद्रनं कापलेल्या वायरी हातात धरल्या होत्या. "भाऊजी, तुम्ही?"

"मी हात लावलेला नाही," उमाकांत म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "कुणीतरी आलं असेल. किंवा तूच केलं असशील, तुला घाई असते नेहमी."

"मी? माझी गाडी मीच मोडू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"जितू!" नीला म्हणाली.

"मग सांगू दे ना त्यांना खरं! इतके दिवस राबलो दोघं, आणि आता वर माझ्यावरच घालतात!"

उमाकांत घरात निघून गेले. चालताना त्यांनी भिंतीला हात धरला. नीला गाडीवर वाकली. झडपेच्या पेटीला जोडलेल्या वायरी मेणाच्या दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या होत्या, बोटभर अंतरावर एकेक गाठ, सगळ्या गाठी एका ओळीत. विमानातल्या वायरी अशा बांधतात. या घरात हे एकाच माणसाला येत होतं. इस्त्रीची वायरदेखील ते तशीच बांधायचे.

"जितू," ती म्हणाली, "इकडे ये. ही गाठ बघ."

त्यानं पाहिलं. त्यानं अंगठा गाठींवरून फिरवला.

"त्यांनीच केलंय," ती म्हणाली. "आणि ते खोटं बोलत नाहीयेत."

दोन दिवसांनी तिनं संस्थेत फोन केला. संध्याकाळी उमाकांतांचे जुने सहकारी नरसिंहराव घरी आले. उमाकांत आत झोपले होते. नरसिंहरावांनी चहाला हात लावला नाही. खाली बघून बोलत राहिले. गेलं वर्षभर विभागातली मुलं त्यांचं काम सावरून घेत होती. तापवायच्या तारा त्यांनी एकामागून एक जाळल्या, वारा सुरू करायच्या आधीच वीज सोडून. शेवटी संचालकांनी त्यांना बोगद्यावरून काढून ग्रंथालयात बसवलं.

"वहिनी, ते तुम्हाला सांगतील असं वाटलं होतं आम्हाला."

"कधीपासून ग्रंथालयात आहेत?"

"उगादीपासून. पाडव्यापासून."

म्हणजे कितीतरी महिने हा माणूस रोज त्याच बसनं जात होता, येत होता, आणि संध्याकाळी ती "आज काय केलं?" म्हणून विचारायची तेव्हा बोगद्यातल्या वाऱ्याबद्दल सांगत होता. त्यांनी ते लपवलं होतं, की ग्रंथालयात बसूनही ते बोगद्यातच असल्यासारखं त्यांना वाटत होतं, हे नीलाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, हेही तिला ठरवता आलं नाही.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी रक्त, मग डोक्याचे फोटो, सगळं करून घेतलं. शेवटच्या भेटीला त्यांनी उमाकांतांना सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही काय काम करता? तेव्हा उमाकांत खुलले. त्यांनी झडप, तार आणि दाब, तिन्ही पद्धती सांगितल्या. कुठली कुठं कमी पडते, कुठली कुठं उजवी, धुळीचं काय, उंचीचं काय. एक शब्द चुकला नाही. डॉक्टरीणबाई मनापासून ऐकत होत्या, मध्ये प्रश्नही विचारत होत्या. नीलाच्या मनात आशा उभी राहिली. या माणसाला काय झालेलं असणार?

मग बाईंनी जितेंद्रकडून औषधांची चौकशी केली, काही लिहिलं, आणि पुन्हा उमाकांतांकडे वळून विचारलं, "सर, आपण मघाशी कशाबद्दल बोलत होतो?"

उमाकांत संकोचून हसले. "आपण? आपण तर आत्ताच येऊन बसलो."

 नीलानं पर्स घट्ट धरली. बाहेर आल्यावर उमाकांत बाकावर बसले आणि जितेंद्र जिन्याच्या पायरीवर खाली बसला, तोंड हातांत लपवून.

"अक्का, मी त्यांना वेडा म्हटलं."

"त्यांच्या लक्षात नाही ते, जितू."

"म्हणूनच तर," तो म्हणाला.

जितेंद्रनं गाडी विकायची ठरवली होती. नीलानं नको म्हटलं. "ती शेडमध्ये असली की ते उठतात, दाढी करतात, खाली जातात. राहू दे." मग त्यांचं एक वेगळंच जगणं सुरू झालं. दर रविवारी जितेंद्र यायचा. उमाकांत टेबलावर तिन्ही वस्तू मांडायचे आणि जणू आजच गुजरीतून आल्यात अशा नवलाईनं तपासायचे. ब्लोअर सुरू व्हायचा, लाल पाणी चढायचं. कधी त्यांचा कौल तारेला जायचा, कधी झडपेला. जितेंद्र "सरी भाऊजी, ठीक आहे" म्हणून मुकाट्यानं ते गाडीत बसवायचा. गाडी आचके द्यायची, धूर ओकायची. शर्यतीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. ज्या माणसाला एका सिग्नलवर थांबायचा धीर नव्हता, तो तेच नटबोल्ट काढायचा आणि घालायचा, आणि विचारायचा, "भाऊजी, आता बरोबर?" नीला खिडकीतून बघायची. भावाबद्दल तिच्या मनात जी माया त्या काळात दाटली, ती आधी कधी तिला जाणवली नव्हती.

उमाकांतांचं बोलणं मात्र उणं होत चाललं. आधी उंचीचा मुद्दा गळला, मग धुळीचा. मग तारेत वीज कशासाठी हे सांगता येईना. नीला स्वयंपाकघरातून ऐकायची आणि कुठलं वाक्य आज गेलं ते तिला समजायचं, कारण आता ते सगळं तिला तोंडपाठ होतं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्याआधी, शाळा चालू असताना, एका सकाळी ते एकटेच गाडी घेऊन गेले. किल्ली स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे होती. ती त्यांना कशी सापडली कुणास ठाऊक. भाग्यलक्ष्मी अक्कांनी शेड उघडी पाहिली आणि शाळेत धावत आल्या. नीला आणि जितेंद्र रिक्षानं सगळं बसवनगुडी, जयनगर, संस्थेपर्यंतचा सगळा रस्ता पालथा घालून आले. नीलानं त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात आतून एक पट्टी शिवली होती, शाळेच्या फोन नंबरची. दुपारी शाळेत फोन आला. एसटीडी बूथवरून विठाबाई बोलत होत्या. "तुमचं माणूस हाय इथं. किल्ल्यापाशी. जेवाया दिलंय, पर खात न्हाई."

गाडी किल्ल्याच्या भिंतीला तिरकी उभी होती. बॉनेट उघडं. हवेचा पाईप, पेटी, क्लिपा, सगळं सुटं करून रुमालावर ओळीनं मांडलेलं. उमाकांत उन्हात जमिनीवर बसले होते, सदरा घामानं चिकटलेला, हात ग्रीसनं काळे. नीला समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं, आणि सभ्यपणानं उठायचा प्रयत्न केला.

"या. आपण विभागात नव्यानं रुजू झालात ना?"

जितेंद्रनं तोंड फिरवलं. नीला त्यांच्यासमोर खाली बसली. "हो," ती म्हणाली.

"मग नीट समजून घ्या. हवा मोजायच्या तीन पद्धती आहेत. ही झडप. दारासारखी. वारा ढकलतो." ते थांबले. "दुसरी तार. ती तापवतात." पुन्हा थांबले. "आणि तिसरी... तिसरी..." त्यांची बोटं रुमालावर त्या काळ्या डबीला शोधू लागली. ती तिथं नव्हतीच.

"दाब," नीला म्हणाली.

"हां! दाब!" त्यांचा चेहरा उजळला. "आपल्याला माहीत आहे की."

"थोडंसं. आमच्या घरी सांगितलंय मला."

"कुणी?"

"माझ्या यजमानांनी."

"जाणते असावेत."

"फार," ती म्हणाली. तिनं त्यांचा हात धरला, त्यांनी तो बिचकून ओढून घेतला, परक्या बाईनं धरावा तसा. मग विठाबाई आल्या, त्यांनी हुकूम सोडल्यासारखं "उठा दादा, उन लागंल" म्हटलं, आणि ते आज्ञाधारकपणे उठले. घरी जाईपर्यंत टॅक्सीत ते नीलाच्या शेजारी अंग चोरून बसले होते. येलहंका मागे पडल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नीला, तू शाळेत नाही गेलीस आज?"

तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. ते गोंधळून तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

पुढच्या महिन्यात गाडी विकली गेली. कोइंबतूरचा एक हौशी माणूस येऊन ट्रकवर चढवून घेऊन गेला. उमाकांत पायरीवर उभे राहून ट्रक बघत होते. "कुणाची आहे हो?" त्यांनी जितेंद्रला विचारलं. "एका मित्राची," जितेंद्र म्हणाला. "छान आहे," ते म्हणाले, आणि आत गेले.

नीलानं नोकरी सोडली. मग पुढची तीन वर्षं तिचं घराबाहेरचं जग गांधी बाझार आणि औषधाच्या दुकानापुरतं उरलं. उमाकांतांचं इंग्रजी आधी गेलं, मग कन्नड. सरतेशेवटी लहानपणीचं थोडं मराठी उरलं, आणि त्यातही नावं नव्हती. ती त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची. जितेंद्र जवळच खोली घेऊन राहिला. उचलायला, न्हाऊ घालायला तो असायचा. ईरा वर्षातून दोनदा यायची आणि जाताना दारातच अडखळायची, कारण निरोप कुणाचा घ्यायचा ते तिला समजायचं नाही. शेवटच्या हिवाळ्यात गिळणं अवघड झालं, घास श्वासनलिकेत जाऊ लागला, छातीत कफ भरला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी नीला गरम पाणी घेऊन आली, तेव्हा जितेंद्र पलंगाशी उभा होता आणि त्यानं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

ईरा पुण्याहून पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलं आणि संध्याकाळपर्यंत रिकामं झालं. नीला सगळ्यांशी नीट बोलत होती, कुणाला पाणी, कुणाला चटई. सगळ्यांना तिच्या धीराचं नवल वाटत होतं. भाग्यलक्ष्मी अक्कांनी आपल्या घरून भात आणि पातळ सार आणलं आणि तिला बळंच पाटावर बसवलं. "स्वल्प तरी जेव ग."

नीलानं घास कालवला. सवयीनं तो बारीक केला, गाठी मोडल्या, गरम नाही ना ते ओठाला लावून पाहिलं, आणि हात उजवीकडे पुढं केला.

तिथं ईरा बसली होती. तिनं आईचा हात तसाच धरला, तो घास आपल्या तोंडात घेतला, आणि मग दोघी मायलेकी रडल्या.